गाठीच्या आत दुसरी गाठ: निदान पायरीपायरीने कसं होतं

गाठ सापडली की घरातले सगळे एकच विचारतात, "साधी आहे ना?" रिपोर्टमध्ये तसं आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाइल कपाटात जाते. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण क्वचित असं होतं, की गाठ खरोखरच साधी असते आणि तिच्या पोटात दुसऱ्याच अवयवातून आलेला कॅन्सर वाढत असतो. मेंदूच्या आवरणावरच्या मेनिंजिओमात स्तनाचा कॅन्सर, थायरॉइडच्या साध्या गाठीत किडनीचा, गर्भाशयाच्या फायब्रॉइडमध्ये पुन्हा स्तनाचा. दोन्ही निदानं खरी, आणि दोन्ही एकाच स्लाइडवर.

असं पहिलं उदाहरण बेरेंट यांनी १९०२ मध्ये नोंदवलं: जबड्याचा कॅन्सर किडनीच्या कॅन्सरमध्ये जाऊन वाढला होता. मेनिंजिओमाच्या आत फुप्फुसाचा कॅन्सर सापडल्याची नोंद फ्रीड यांनी १९३० मध्ये केली. तेव्हापासून आजवर अशा केसेस जगभर सुट्या सुट्याच छापून येत राहिल्या आहेत. मी पुण्यात हिस्टोपॅथॉलॉजी करते, म्हणजे दिवसाचा मोठा भाग मायक्रोस्कोपसमोर जातो. या विषयाबद्दल माझं मत सरळ आहे: हे निदान महागड्या मशीनपेक्षा जुन्या माहितीवर जास्त अवलंबून असतं, आणि ती माहिती बऱ्याचदा रुग्णाच्या घरातच पडून असते. म्हणून हा लेख जितका शिकाऊ डॉक्टरांसाठी आहे, तितकाच रुग्णाच्या मुलासुनांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे.

सोयीसाठी दोन शब्द ठरवून घेऊ. आधीपासून जागेवर असलेली गाठ ती यजमान; बाहेरून येऊन तिच्यात वाढलेला कॅन्सर तो पाहुणा.

कोण कुणाकडे जातं

यजमानांत दोन नावं सगळ्यात वर आहेत. कॅन्सरच्या गाठींपैकी किडनीचा कॅन्सर, म्हणजे रीनल सेल कार्सिनोमा, आणि साध्या गाठींपैकी मेनिंजिओमा. पाहुण्यांत फुप्फुसाचा कॅन्सर पहिला. मेनिंजिओमापुरतं बोलायचं तर स्तनाचा आघाडीवर, त्यामागे फुप्फुसाचा. हे का होतं याची कारणं तर्काला धरून आहेत. किडनीच्या कॅन्सरला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि त्याच्या पेशींत चरबी व ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं, म्हणजे पाहुण्याला खायला तयार. मेनिंजिओमालाही रक्त चांगलं मिळतं, तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या कॅन्सरपेशींना तिथे अडकायला आणि रुजायला वेळ मिळतो. शिवाय स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरप्रमाणे मेनिंजिओमाच्या पेशींतही प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे रिसेप्टर (हॉर्मोन पकडणारी प्रथिनं) असतात. मेनिंजिओमा बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि स्तनाचा कॅन्सर तर बहुतांशी बायकांचाच आजार. त्यामुळे एकाच व्यक्तीत दोन्ही असण्याची शक्यता मुळातच जास्त.

पहिली पायरी: संशय कुणी आणि कधी घ्यायचा

उदाहरणासाठी एक काल्पनिक रुग्ण घेऊ. कुमुदताई, वय ६१, सहकारनगर. २०१८ मध्ये डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि नंतर पाच वर्षं गोळ्या. २०२१ मध्ये चक्कर येते म्हणून एमआरआय काढला, त्यात मेंदूच्या उजव्या बाजूला दीड सेंटिमीटरचा मेनिंजिओमा दिसला. 'लक्ष ठेवू या' असं ठरलं. पुढच्या दोन तपासण्यांत तो होता तसाच. आता सहा महिन्यांत डोकेदुखी वाढली, डाव्या हातातून कपबशी निसटायला लागली, आणि नव्या एमआरआयवर तीच गाठ तीन सेंटिमीटरची, भोवती मेंदूला सूज.

इथे घंटा वाजायला हवी. मेनिंजिओमा सहसा वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. कित्येक वर्षं गप्प बसलेली गाठ काही महिन्यांत दुप्पट झाली आणि रुग्णाला पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, तर 'मेनिंजिओमा वाढला' एवढ्यावर थांबू नये. तीन शक्यता समोर ठेवाव्यात. मेनिंजिओमाच वरच्या ग्रेडचा, म्हणजे जास्त आक्रमक, झाला आहे. ती गाठ पहिल्यापासून मेनिंजिओमा नव्हतीच, आवरणावर पसरलेला कॅन्सर तसा दिसत होता (स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर हे सोंग हुबेहूब वठवतो). किंवा मेनिंजिओमात पाहुणा शिरला आहे.

पूर्वीच्या कॅन्सरला किती वर्षं झाली, यावर फार विसंबू नका. "आता सात वर्षं झाली, ते संपलं" असं रुग्ण सांगतात, आणि आपणही मान डोलावतो. हॉर्मोन रिसेप्टर असलेला स्तनाचा कॅन्सर आणि किडनीचा कॅन्सर, हे दोघंही दहा वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतात. आणि काही वेळा तर गाठीतला पाहुणाच पहिल्यांदा सापडतो, मूळ कॅन्सरचा पत्ता नंतर लागतो.

दुसरी पायरी: जुने कागद, जुन्या सीडी, जुने ब्लॉक

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते.

पुण्यात एका रुग्णाचा इतिहास एका जागी क्वचित सापडतो. ऑपरेशन एरंडवण्यात, रेडिएशन स्टेशनजवळ, बायोप्सीचा रिपोर्ट कॅम्पातल्या लॅबचा, एमआरआय घराजवळच्या सेंटरमध्ये. सगळे कागद लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, त्यातच विजेची बिलं. ती पिशवी एका संध्याकाळी पलंगावर उपडी करा आणि तारखेप्रमाणे लावा. हवे आहेत ते हे: मूळ कॅन्सरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, त्याचे मार्कर, म्हणजे कॅन्सरची ओळख पटवणारी प्रथिनं (स्तनासाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणजे ईआर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर म्हणजे पीआर, हर-टू वगैरे), डिस्चार्ज कार्डं, केमो आणि रेडिएशनचा गोषवारा, आणि स्कॅनच्या सीडी. नुसते स्कॅनचे रिपोर्ट पुरत नाहीत. रेडिओलॉजिस्टला जुनी आणि नवी चित्रं शेजारी लावून बघायची असतात. गाठ नेमकी कोणत्या बाजूने आणि कधीपासून फुगली, ते रिपोर्टच्या दोन ओळींत कळत नाही.

कागद हरवले असतील तर रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं ठेवायच्या असतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. ३ वर्षं उलटली म्हणून आशा सोडू नका; पुष्कळ ठिकाणी जुनं रेकॉर्ड असतं.

आता ब्लॉक. ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसाचे छोटे तुकडे पॅराफिन मेणात बसवून ठेवतात, त्या चौकोनी वड्यांना ब्लॉक म्हणतात. त्यांतून वर्षांनंतरही नवी स्लाइड कापता येते, नवे मार्कर लावता येतात. लॅबच्या खिडकीवर हा संवाद नेहमीचा:

"रिपोर्ट दिलाय की तुम्ही तेव्हाच. आता आणखी काय न्यायचं?"

"दादा, रिपोर्ट म्हणजे आम्ही काय बघितलं ते. आईंच्या नव्या डॉक्टरांना ते स्वतः बघायचंय. त्यासाठी ब्लॉक लागतील. आईंची सही असलेलं पत्र आणि रिपोर्टवरचा हा नंबर आणा, मी रजिस्टरला नोंद करून देतो."

हा नंबर, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी क्रमांक, सगळ्यात महत्त्वाचा. नावावरून ब्लॉक शोधणं अवघड, नंबरावरून दहा मिनिटांचं काम. ऑपरेशन ससूनला झालं असेल तर ब्लॉकची चौकशी बी. जे. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात करायची, वॉर्डात नाही. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा. नेताना स्लाइड कडक डबीत ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये ब्लॉकची पाकिटं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला उतरू नका. पॅराफिन ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते.

तिसरी पायरी: स्कॅनकडून काय अपेक्षा ठेवायची

कॉन्ट्रास्ट (गाठ उजळवणारं, शिरेतून देतात ते औषध) देऊन केलेला एमआरआय हाच पाया. साधा मेनिंजिओमा कॉन्ट्रास्ट एकसारखा घेतो, आवरणाला चिकटलेला असतो आणि कडेला आवरणाची शेपटीसारखी रेघ दिसते. त्याच गाठीत एक भाग वेगळा उजळतो, मध्ये मृत पेशींचा काळा खड्डा दिसतो, गाठीच्या मानाने भोवतालची सूज फारच जास्त आहे, तर पाहुण्याचा संशय घ्यायला जागा आहे. स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) मेनिंजिओमात अलॅनिनचा उंचवटा सापडू शकतो, पाहुण्याच्या भागात लिपिड आणि लॅक्टेट. परफ्युजनमध्येही (रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) दोन भाग वेगळे वागू शकतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर, स्कॅनवरून हे निदान पक्कं होत नाही. वरच्या ग्रेडचा मेनिंजिओमाही असाच दिसतो. स्कॅनचं काम संशय वाढवणं आणि सर्जनला 'या कोपऱ्यातून नमुना घ्या' हे सांगणं.

पेट-सीटी दोन कारणांसाठी करतात: मूळ कॅन्सर आत्ता कुठे कुठे आहे ते बघायला, आणि कॅन्सरचा पत्ताच नसेल तर तो शोधायला. नेहमीच्या एफडीजी पेटला (यात किरणोत्सारी साखर टोचतात) चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. मधुमेह असेल तर साखर २०० च्या खाली आणून मगच बोलावतात. मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, म्हणून मेंदूतल्या गाठीबद्दल हा स्कॅन कमी बोलतो. मेनिंजिओमासाठी साखरेऐवजी दुसरं औषध टोचून केलेला गॅलियम डोटाटेट पेट उपयोगी पडतो: मेनिंजिओमा त्यात ठळक उजळतो, आणि उजळलेल्या गाठीत एखादा भाग अंधारा राहिला तर तो पाहुणा असू शकतो. प्रोस्टेटच्या रुग्णांनी एक लक्षात ठेवावं: पीएसएमए पेटमध्ये (प्रोस्टेट कॅन्सर शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) मेनिंजिओमाही चमकू शकतो, तेव्हा चमकलं म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर तिथे पोचला असं नाही.

सीए १५-३ सारख्या रक्तातल्या मार्करवरून इथे काही ठरवू नये.

चौथी पायरी: नमुना

जागा शक्य असेल तिथे गाठ पूर्ण काढणं हाच उपचार आणि हाच उत्तम नमुना. सुईने बायोप्सी करायची वेळ आली तर तिची मर्यादा आधी समजून घ्या. एक-दोन मिलिमीटर जाडीचा धागा यजमानातून आला तर रिपोर्ट 'मेनिंजिओमा', पाहुण्यातून आला तर 'पसरलेला कॅन्सर'. दोन्ही रिपोर्ट खरे, दोन्ही अर्धवट. थायरॉइडच्या एफएनएसीचंही (बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीचं) तेच. म्हणून सुई घालायची तर वेगवेगळ्या दिसणाऱ्या भागांतून घालावी. आणि पूर्वी कॅन्सर झालेल्या रुग्णाच्या वेगाने वाढणाऱ्या 'मेनिंजिओमा'ला नमुना न घेताच रेडिओसर्जरी (चीर न देता नेमक्या जागी रेडिएशन) द्यायचं ठरत असेल, तर घरच्यांनी एकदा तरी विचारावं: "डॉक्टर, ही गाठ मेनिंजिओमाच आहे हे आपण कशावरून धरलंय?" या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन पाठवतात, म्हणजे तुकडा गोठवून लगेच बघतात. सर्जनने मऊ, करडा भाग आणि टणक, पांढरट भाग वेगळ्या डब्यांत पाठवले तर आमचं निम्मं काम होतं. न्यूरोसर्जन गाठ फोडायला अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात, त्यात बरंच मांस शोषलं जाऊन बाटलीत जातं. तेही गाळून पाठवायला सांगावं. पाहुणा एखाद्या कोपऱ्यात वाटाण्याएवढाच असला तर तो नेमका त्या बाटलीत जाऊ शकतो.

नमुना १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (मांस टिकवणाऱ्या द्रावणात), काढल्यापासून तासाभराच्या आत. स्तनाच्या कॅन्सरचे रिसेप्टर बघायचे असतील तर फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास ही मर्यादा पाळायची. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं आणि डबा मंगळवारी संध्याकाळी लॅबमध्ये उघडला, तर ती मर्यादा ओलांडली जाते. सुट्ट्या जोडून आल्या की, विशेषतः गणपतीत रस्ते बंद असताना, हे सहज होतं. डबा त्याच दिवशी पोचवण्याची सोय आधीच करून ठेवावी.

आणि फॉर्म. लॅबचा फॉर्म बहुतेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमधला सगळ्यात ज्युनिअर डॉक्टर भरतो, रात्रभर जागलेला. त्यावर 'एसओएल, उजवी बाजू, एचपीई' (म्हणजे 'गाठ, उजवी बाजू, हिस्टोपॅथॉलॉजी तपासणी') एवढंच येतं. कुमुदताईंच्या फॉर्मवर 'एसओएल' लिहिलं आणि '२०१८ स्तनाचा कॅन्सर, ईआर पॉझिटिव्ह, २०२१ पासून मेनिंजिओमा, सहा महिन्यांत दुप्पट' असं लिहिलं, या दोन गोष्टींत निदान चुकणं आणि सापडणं एवढा फरक पडू शकतो. नातेवाइकांना हे हातात घेता येतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका कागदावर चार ओळींचा इतिहास लिहून द्या आणि "हे पॅथॉलॉजीच्या फॉर्मबरोबर जोडाल का?" असं विचारा. भीड बाळगू नका.

पाचवी पायरी: मायक्रोस्कोपखाली

आधी गाठ उघड्या डोळ्यांनी बघायची. मेनिंजिओमा कापला की बहुधा टणक, दाणेदार, करडा-पांढरा लागतो, कधी सुरीखाली वाळूसारखी करकर. त्यात एखादा मऊ, पिवळट किंवा रक्ताळलेला भाग वेगळा दिसला तर तो आणि दोघांमधली सीमा, दोन्ही ब्लॉकमध्ये घ्यायचे. अशा रुग्णात मी थोडे नमुने घेऊन थांबत नाही, शक्य असेल तर आलेली सगळी गाठ ब्लॉकमध्ये घालते. तंत्रज्ञ कुरकुरतात, त्यांचंही खरं आहे.

मग स्लाइड. तीन-चार मायक्रॉनचा काप, गुलाबी-जांभळा रंग. कमी पॉवरवर मेनिंजिओमा ओळखायला अडचण नसते: कडा न दिसणाऱ्या, एकमेकींत मिसळल्यासारख्या पेशी, गोल गोल गुंडाळलेल्या, मधूनमधून कॅल्शियमचे थर बसलेले गोळे, म्हणजे सॅमोमा बॉडीज. डोळा या नक्षीला सरावतो आणि हात 'मेनिंजिओमा, ग्रेड १' लिहायला पुढे होतो. धोका नेमका इथे आहे. एक निदान मिळालं की शोध मंदावतो. स्लाइड पुढे सरकवत राहिलं तर एका ठिकाणी ती नक्षी अचानक तुटते. स्वच्छ कडांच्या, मोठ्या केंद्रकांच्या पेशींचे पुंजके, मध्ये ग्रंथीसारखी पोकळी, विभाजन होणाऱ्या पेशी दर दृश्यात दोन-तीन, बाजूला मृत पेशींचा ढिगारा. आणि त्या पुंजक्यांच्या चहूबाजूंनी पुन्हा तोच शांत मेनिंजिओमा. सीमा एवढी स्पष्ट असते की पेन्सिलने आखता यावी.

नेहमी एवढं सोपं नसतं. स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी छोट्या, फिक्या, एकेकट्या किंवा एका रांगेत पसरतात. मेनिंजिओमाच्या किंवा फायब्रॉइडच्या तंतूंमध्ये त्या नुसत्या सूज आल्यासारख्या वाटतात. लोब्युलर कॅन्सरचा इतिहास असेल तर साध्या रंगावर काही दिसलं नाही तरी केरॅटिनचा (अवयवांच्या अस्तरपेशींतल्या प्रथिनाचा) एक मार्कर लावून बघावा. हा खर्च वाया गेला तरी मला चालतो.

सहावी पायरी: आयएचसी, आणि तिथले खड्डे

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री: पेशीतलं एखादं विशिष्ट प्रथिन रंगवून पेशी कुठल्या अवयवाची, ते ओळखायचं. इथे मार्करची निवड दोन गाठी वेगळ्या पाडण्यासाठी करायची असते, आणि काही लोकप्रिय मार्कर नेमके दोन्हींत पॉझिटिव्ह येतात.

ईएमए हा मार्कर मेनिंजिओमात येतो आणि कार्सिनोमातही (अवयवांच्या अस्तरपेशींतून होणाऱ्या, स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसारख्या कॅन्सरमध्येही). पीआर मेनिंजिओमात येतो आणि स्तनाच्या कॅन्सरमध्येही. नुसत्या या दोघांवर काढलेला निष्कर्ष वाळूवरचा. त्याऐवजी मेनिंजिओमासाठी एसएसटीआर-२ए घ्यावा. तो मेनिंजिओमात ठळक असतो, स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये सहसा तसा येत नाही. कार्सिनोमासाठी पॅन-सायटोकेरॅटिन आणि सीके-७. स्तनासाठी गाटा-३, ईआर, मॅमाग्लोबिन. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमासाठी टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए. आतड्यासाठी सीके-२०, सीडीएक्स-२. प्रोस्टेटसाठी एनकेएक्स-३.१ आणि पीएसए. मेलानोमासाठी सॉक्स-१० आणि मेलान-ए. एकही मार्कर शंभर टक्के एकनिष्ठ नाही: गाटा-३ मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही येतो, टीटीएफ-१ थायरॉइडमध्येही. म्हणून नेहमी दोन-तीन एकत्र, आणि इतिहासाशी ताडून.

सगळ्यात फसवा प्रकार सिक्रेटरी मेनिंजिओमा. त्याच्या पेशींत छोट्या पोकळ्या आणि गुलाबी गोळे असतात, दिसायला ग्रंथीसारखं, आणि त्या गोळ्यांभोवतीच्या पेशी केरॅटिन आणि सीईए दोन्ही घेतात. घाईत बघणारा याला 'मेनिंजिओमात कार्सिनोमा' म्हणून मोकळा होतो. त्यातच या प्रकारात मेंदूची सूजही फार असते, म्हणजे स्कॅनही दिशाभूल करतो. फरक असा: सिक्रेटरीमध्ये केंद्रकं सौम्य, विभाजन नगण्य, गुलाबी गोळे पीएएस रंगात उठून दिसणारे, आणि भोवतालच्या मेनिंजिओमात तो भाग हळूहळू मिसळतो. खऱ्या पाहुण्याची सीमा कापल्यासारखी असते आणि गाटा-३ किंवा टीटीएफ-१ सारखा अवयवाचा मार्कर त्यात उमटतो.

केआय-६७, म्हणजे वाढीचा वेग, दोन्ही भागांत वेगवेगळा मोजून लिहावा. यजमानात ३ टक्के आणि पाहुण्यात ४० टक्के असेल तर सरासरी काढण्यात अर्थ नाही. उलट त्या सरासरीवरून कुणीतरी मेनिंजिओमाचा ग्रेड वाढवून बसेल. विभाजन होणाऱ्या पेशींच्या मोजणीलाही हेच लागू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात दहा हाय पॉवर दृश्यांत ४ ते १९ विभाजनं म्हणजे ग्रेड २, २० किंवा जास्त म्हणजे ग्रेड ३. ही मोजणी पाहुण्याच्या भागात केली तर साधा मेनिंजिओमा कागदावर भयंकर होऊन बसतो.

एवढं करूनही शंका राहिली तर दोन भाग सुईने किंवा लेझरने वेगळे खरवडून जनुकीय तपासणी करता येते. मेनिंजिओमात एनएफ-२ या जनुकातला बदल किंवा गुणसूत्र २२ चा तुकडा गायब झालेला असू शकतो. पाहुण्याचे बदल मूळ कॅन्सरच्या ब्लॉकशी जुळतात. दोन भाग एकत्र मिसळून पाठवले तर उत्तर खिचडी येतं.

'खरंच पाहुणा' हे कधी म्हणायचं

कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये यासाठी निकष मांडले, ते आजही वापरतात. रुग्णात एकापेक्षा जास्त मूळ गाठी असायला हव्यात. यजमान ही खरी गाठ हवी, साधी असो वा कॅन्सरची. सूज किंवा व्रण नको. पाहुणा यजमानात रुजून वाढलेला हवा. शेजारून सरकत आलेला किंवा रक्तवाहिनीत अडकलेला पेशींचा गोळा चालत नाही. आणि लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) असलेल्या लिम्फ नोडमध्ये (लसीका गाठीत) दुसरा कॅन्सर पोचला, तर ते यात धरत नाहीत, कारण लिम्फ नोड ही तशीही कॅन्सर पसरण्याची नेहमीची जागा. पॅम्फलेट यांनी १९८४ मध्ये भर घातली: पाहुण्याच्या भोवती यजमानाची निदान थोडी तरी कड दिसायला हवी आणि पाहुण्याचं मूळ शरीरात दुसरीकडे सिद्ध असायला हवं.

यातला शेजारून सरकण्याचा मुद्दा महत्त्वाचा. दोन स्वतंत्र गाठी शेजारीशेजारी वाढत एकमेकींना भिडल्या तर त्या जोडीला कोलिजन (collision, म्हणजे टक्कर) ट्युमर म्हणतात. तिथे सीमा एका बाजूला असते, आणि यजमानाने पाहुण्याला वेढलेलं नसतं. म्हणूनच ब्लॉक घेताना सीमेचा भाग सोडू नका असं वर म्हटलं.

मेंदूच्या बाहेरच्या काही जोड्या

गळ्यातली गाठ, थायरॉइड ॲडिनोमा (साधी गाठ) असं वाटतं, आणि आत पाण्यासारख्या स्वच्छ पेशींचे पुंजके, नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी. रुग्णाची एक किडनी बारा वर्षांपूर्वी काढलेली, हे फॉर्मवर नसतं, कारण गळ्याच्या डॉक्टरांना ते सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे पॅक्स-८ वर विसंबू नका, तो थायरॉइडमध्येही येतो आणि किडनीतही. थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ यजमानात पॉझिटिव्ह, पाहुण्यात निगेटिव्ह. पाहुण्यात सीडी-१० आणि कार्बॉनिक अनहायड्रेज-९.

व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात लहान मेंदूत हिमँजिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी गाठ) होतो आणि किडनीचा कॅन्सरही. एकात दुसरा सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि दोघंही साध्या रंगात जुळ्या भावंडांसारखे दिसतात. हिमँजिओब्लास्टोमाला इन्हिबिन, किडनीच्या कॅन्सरला पॅक्स-८ आणि केरॅटिन. या कुटुंबात भावंडांची आणि मुलांचीही तपासणी सुचवावी लागते.

स्तनाच्या कॅन्सरनंतर फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढलं असेल तर त्या नमुन्याच्या फॉर्मवरही स्तनाचा इतिहास हवाच.

रिपोर्ट हातात आल्यावर

चांगल्या रिपोर्टमध्ये दोन निदानं वेगळ्या ओळींत असतात: यजमान कोणता आणि कुठल्या ग्रेडचा, पाहुणा कोणता, कुठल्या अवयवाचा, कोणते मार्कर कोणत्या भागात. कुमुदताईंच्या बाबतीत पाहुण्याचे ईआर, पीआर आणि हर-टू नव्याने केलेले हवेत, २०१८ चे उतरवून काढलेले नकोत. पसरलेल्या कॅन्सरचे रिसेप्टर मूळ कॅन्सरपेक्षा बदललेले असू शकतात आणि औषधं त्यावर ठरतात. हर-टू २ प्लस, म्हणजे अनिश्चित, आला तर फिश तपासणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) मागा.

दुसरं मत घ्यायचं तर याच टप्प्यावर, उपचार सुरू होण्याआधी. पुण्यातल्याच दुसऱ्या मोठ्या संस्थेत, किंवा परळच्या टाटा मेमोरियलला. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादरला उतरून परळ गाठता येतं. बरोबर नुसते रिपोर्ट नेऊ नका, ब्लॉक, स्लाइड आणि सीडी न्या.

पाहुणा सिद्ध झाला म्हणजे मूळ कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत आहे, आणि पुढचं नियोजन त्याप्रमाणे: पूर्ण शरीराचा पेट-सीटी, गरज वाटली तर मणक्याचा एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी (डोक्यातला दाब वाढलेला नाही याची खात्री करून). ट्युमर बोर्डात न्यूरोसर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतील तर उत्तम. तिथे विचारायचे दोन प्रश्न: ऑपरेशनच्या जागी रेडिएशन लागेल का, आणि दिलं जाणारं औषध मेंदूपर्यंत पोचतं का.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कोणती तपासणी आणि कोणता उपचार पॅकेजमध्ये येतो ते भरती होण्याआधीच त्यांच्याकडून लिहून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, आणि विचारायचं तिथल्या समाजसेवा विभागात. आयएचसीचे मार्कर बहुतेक लॅबमध्ये एकेकाचे पैसे लावतात, तेव्हा यादी कोणती आणि का, हे पॅथॉलॉजिस्टला फोनवर विचारायला हरकत नाही. आम्ही फोन उचलतो. दुपारी चारनंतर केलात तर जास्त निवांत बोलता येतं.